फ्लेक्सखालची विद्या

गावात प्रशिक्षण होणार आहे हे सगळ्यांत आधी कळतं ते फ्लेक्स छापणाऱ्याला. त्याच्याकडे मजकूर येतो. वर मान्यवरांचे फोटो, फोटोंखाली मान्यवरांची नावं, नावांखाली त्यांची पदं, आणि जागा उरलीच तर अगदी तळाला, शिकवणार काय ते. जागा दर वेळी उरतेच असं नाही. मागे एकदा समाजमंदिरात चार दिवस बायका जमत होत्या आणि पाचव्या दिवशी आळंबीच्या पिशव्या आल्या, तेव्हा कुठे गावाला कळलं की हे मशरूमचं होतं. तोवर निम्म्या गावाची समजूत शिवणाची होती.

समाजमंदिर आमच्या घरासमोर आहे. खुर्च्या कमी पडल्या की आमच्याच नेतात, त्यामुळे खुर्च्यांच्या मागोमाग जाणं आलं. अशा रीतीने शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती, अगरबत्ती, ब्यूटी पार्लर आणि व्यक्तिमत्त्व विकास ही सगळी प्रशिक्षणं दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत मी बघितली आहेत. दीपप्रज्वलनाला पंखा बंद करायचा असतो, हे सोडून सगळं त्यांच्या लक्षात असतं.

सरकारला आपल्याला शिकवायचं आहे, यात शंका नाही. पंतप्रधान कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये आली. राज्यात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, तीही एकाच दिवशी ५११, चौतीस जिल्ह्यांत, पंतप्रधानांच्या हस्ते, पडद्यावरून. एका दिवसात ५११ उद्घाटनं म्हणजे किमान किती नारळ, हा हिशेब आमच्या किराणा दुकानदाराने बातमी संपायच्या आत केला होता. यालाही कौशल्यच म्हणायचं, पण त्याचा कोर्स नाही.

त्याच्या महिनाभर आधी, १७ सप्टेंबर २०२३ ला, पीएम विश्वकर्मा योजना आली होती. हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी हे आपल्या ओळखीचे. शिवाय होडी बांधणारे, कुलपं करणारे, बाहुल्या करणारे, मासेमारीची जाळी विणणारे आणि चिलखतं-शस्त्रं बनवणारेसुद्धा. चिलखताला आमच्या तालुक्यात मागणी नाही असं मी म्हणणार नाही, पण ती पाच वर्षांतून एकदा, मतमोजणीच्या आसपास असते.

योजना वाईट नाही. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज. मोबाइलवरून पैसे घेतले तर दर व्यवहाराला एक रुपया बक्षीस, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. पण गावाने एवढं सगळं वाचलं नाही. गावाने १५,००० हा आकडा वाचला, तेवढ्यात शिलाई मशीन येतं हे ताडलं, आणि केंद्र सरकारच्या तेरा हजार कोटींच्या योजनेचं 'मशीनची योजना' असं बारसं करून टाकलं. आमच्या गावात शिंपी दोन. अर्ज भरायला सुरुवात झाली तेव्हा निम्मं गाव शिंपी निघालं. त्यात ज्यांच्या शर्टाचं वरचं बटण तीन वर्षं तुटलेलं आहे असेही काही होते.

खरा प्रसंग घडला तो गवंडीमिस्त्रींच्या अर्जाच्या वेळी. आमच्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची आहेत. उरलेली निम्मी त्यांच्या वडिलांच्या. तर मिस्त्री सुविधा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने यंत्र पुढे केलं. मिस्त्रींनी अंगठा ठेवला. यंत्र गप्प. दुसरा अंगठा. गप्प. मग दहाही बोटं आळीपाळीने झाली. तीस वर्षं सिमेंट आणि चुना कालवून बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या होत्या. मुलगा म्हणाला, "काका, बोट जरा पुसून ठेवा." पुसलं. "क्रीम लावून बघू." लावलं. मागे उभा असलेला एक जण अस्वस्थ होऊन पुढे आला, "माझं घ्या तोवर," म्हणाला, आणि त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला. त्याने जन्मात थापी धरलेली नव्हती. पण गवंडी म्हणून ओळख पटवायला जे बोट लागतं ते त्याच्याकडे होतं.

मिस्त्रींची ओळख शेवटी पटली, डोळे दाखवून. मग ग्रामपंचायतीने खात्री केली, वर जिल्ह्याने केली, त्याच्याही वर कुणीतरी केली, आणि तीन पातळ्यांवर एकमत झालं की हा माणूस गवंडी आहे. घरं बांधून घेताना गावाने एवढी चौकशी केली नव्हती.

प्रशिक्षण पाच-सहा दिवसांचं. शिकवायला आलेला मुलगा तेवीस-चोवीसचा, डिप्लोमा झालेला, नम्र. मिस्त्री त्याला सर म्हणत होते, तो मिस्त्रींना काका म्हणत होता. वयाने एकाचा मान आणि लॅपटॉपने दुसऱ्याचा. पहिल्या दिवशी विटांचे प्रकार झाले, पडद्यावर. दुसऱ्या दिवशी अवजारं. "काका, ओळंबा कशासाठी वापरतात?" सरांनी विचारलं. मिस्त्रींनी आजूबाजूला बघितलं, आपल्यालाच विचारतायत का याची खात्री केली आणि म्हणाले, "हे समाजमंदिर उभं आहे ना सर? त्यासाठी." समाजमंदिर त्यांनीच बांधलं होतं.

मुलगा मात्र हुशार होता, हे मला कबूल केलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत तो मिस्त्रींना घेऊन मागच्या अंगणात गेला. तिथे वाळूचा ढीग पडला होता. त्याला वळणाच्या जिन्याच्या पायऱ्या काढायच्या कशा ते नीट जमत नव्हतं. कॉलेजात झालं होतं म्हणे, पण कागदावर. मिस्त्रींनी एक काडी घेतली, वाळू सपाट केली आणि पाऊण तास त्याला जिना काढून दाखवला. एवढ्या उंचीला टप्पे किती, पाय ठेवायला जागा किती, वळणावर कुठे चोरायचं. भोवती बाकीचे गवंडी जमले, दोघातिघांनी वाद घातला, एकाने स्वतःची वेगळी रीत दाखवली, मिस्त्रींनी ती मान्य केली. सहा दिवसांत कुणी काही शिकलं असेल तर त्या पाऊण तासात. त्याची हजेरी कुठेच लागली नाही, कारण सुट्टीत अॅप बंद होतं. फोटोही निघाला नाही. वाळूच्या मागे फ्लेक्स येत नव्हता.

या योजनेच्या उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपरा बळकट करणं असं स्वच्छ लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं. फक्त आमच्या समाजमंदिरात गुरू शिष्यांच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांना दिवसाला ५०० रुपये मिळत होते ते शिकण्याचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आज चाकण आणि पनवेलला स्वतंत्र कामं घेतात. त्या शिकवण्याचे मिस्त्रींना आजपर्यंत कुणी पाच रुपयेही दिलेले नाहीत. मागायचे कुणाकडे, हेही त्यांना माहीत नाही. पोरांकडून तर घेणार नाहीत.

आता आमच्या मावशींबद्दल सांगितलं पाहिजे. मावशी बचत गटात आहेत आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्रांची फाइल आहे. मशरूम, शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती, अगरबत्ती, सगळी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली. घरी मशरूम नाही, शेळी नाही, आणि मोबाइल मुलाचा आहे. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं सगळं शिकून करता काय?" तर म्हणाल्या, "अहो, तीस बायका झाल्याशिवाय बॅच होत नाही त्यांची. ती पोरगी उन्हातान्हात दारोदार हिंडते. मी नाही गेले तर तिचं टार्गेट कोण भरणार?"

मला तेव्हा एक उलगडा झाला. सरकार समाजाला आधार देतं असं आपण कागदावर वाचतो. प्रत्यक्षात आमच्या गावात मावशी सरकारला आधार देत होत्या. तीसच्या तीस आकडा पूर्ण होण्यामागे जी सामाजिक बांधिलकी आहे तिची नोंद कुठल्याच अहवालात सापडायची नाही. पार्लरच्या कोर्सला तर मावशी साठीत बसल्या. गावात मुली किती, लग्नं किती, भुवया किती, असा विचार कोर्स देणाऱ्याने केला नव्हता. एका वेळी तीस जणी भुवया कोरायला शिकल्या आणि पुढचे पंधरा दिवस गावातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे आश्चर्याने बघत होत्या.

शेतीशाळेची गोष्ट थोडी वेगळी. कृषी विभागाची ही कल्पना चांगली आहे. वर्ग शेतातच भरतो, बांधावर बसायचं, झाड उपटून मूळ बघायचं, किडी मोजायच्या. किडींत शत्रुकीड आणि मित्रकीड असे दोन पक्ष असतात आणि फवारणीच्या आधी कोण कुठल्या पक्षात आहे हे बघायचं असतं, हे आमच्या शेतकऱ्यांना चटकन समजलं. राजकारणापेक्षा हे सोपं, कारण कीड हंगामाच्या मध्यावर पक्ष बदलत नाही. शेतीशाळा टिकते याचं कारण शेजारचा शेतकरी समोर असतो आणि खोटं बोलायला जागा राहत नाही. "तुझ्या कपाशीवर बोंडअळी नाही म्हणतोस? चल बघू." हा प्रश्न कुठल्याही परीक्षकापेक्षा भारी.

सरकारने पाठबळ दिलं आणि लोकांनी खरोखर शिकून घेतलं, असं महाराष्ट्रात झालेलं नाही असं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहू दिली ती अशीच. जागा दिली, पैसा दिला आणि चालवायचं काम त्या त्या समाजातल्या माणसांवर सोपवलं. साताऱ्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, गावातले मास्तर आणि शिकलेली पोरं रात्री मोठ्यांना अक्षरं शिकवत, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. मुंबईत १९६७ साली कामगारांसाठी देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. पुढे देशभरच्या अशा विद्यापीठांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं, मग त्यांचं मंत्रालय बदललं. शिकणाऱ्या बायकांना त्याचा फरक पडला नाही. पाटी रंगवणाऱ्याला पडला.

पण माझ्या पिढीने डोळ्यांनी बघितलेला सगळ्यात मोठा शिकण्याचा मेळा म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा कोर्स आणला, आणि बघता बघता तालुक्यातालुक्यात किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर संगणक केंद्रं निघाली. बाहेर चपलांचा ढीग. आत एसी, तो माणसांसाठी नव्हे, संगणकांसाठी. मे महिन्यात तर नापास होऊन पुन्हा बसावं असं वाटण्याइतकं गार. प्रत्येकाने पेंटमध्ये पहिलं चित्र काढलं ते दोन डोंगर, मधे सूर्य, खाली घर आणि घरातून निघालेली नदी. साऱ्या महाराष्ट्राच्या मनात एकच निसर्ग आहे हे तेव्हा सिद्ध झालं.

मग सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची केली. मिळवली नाही तर वेतनवाढ थांबणार. पन्नाशी पूर्ण केलेल्यांना सूट. त्या काळात एकोणपन्नास वर्षांचे कारकून वाढदिवसाची जशी वाट बघत तशी त्यांनी बालपणीही बघितली नसेल. बाकीच्यांनी वही घेतली आणि केंद्र गाठलं. आमच्या गावच्या केंद्रात शिकवायला वीस वर्षांची मुलगी होती. तिचे वडील सात-बाराच्या एका नोंदीसाठी तलाठ्याकडे वर्षभर हेलपाटे घालत होते. ते तलाठी आता तिच्या वर्गात. "मॅडम, फाइल सेव्ह झाली का बघा की." मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "आज लोड आहे. उद्या या." वडिलांची नोंद त्या आठवड्यात झाली.

सरकारी कोर्स असून हे इतकं पसरलं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सरकारने इमारत बांधली नाही, संगणक घेतले नाहीत, माणसं नेमली नाहीत. अभ्यासक्रम दिला, परीक्षा घेतली, प्रमाणपत्राला किंमत दिली. बाकी गावातल्या पोरांनी कर्ज काढून उभं केलं, आणि कर्ज काढलेला माणूस वर्ग बुडू देत नाही. ज्ञानाची गोडी लागण्यात वेतनवाढीचा वाटा मोठा होता हे खरं, पण ती मुलगी चपला बाहेर काढायला लावून शिकवत होती, आणि शिकणाऱ्याला नाव, गाव, घराणं माहीत असलेली व्यक्ती समोर होती. ही गोष्ट कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त कामाची.

उल्लासची परीक्षाही मी जवळून बघितली. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राचा नवसाक्षरता कार्यक्रम आहे, त्याची राज्यातली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. दीडशे गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, पन्नास-पन्नास. शिकवणारे स्वयंसेवक, बिनपगारी. आमच्या शेजारच्या आजींचा स्वयंसेवक त्यांचा सातवीतला नातू. तो छडी घेऊन बसायचा आणि आजी त्याला दर दहा मिनिटांनी लाडू द्यायच्या, त्यामुळे शिस्त टिकत नसे. "आजी, एक डझन केळ्यांना चाळीस रुपये, तर तीन डझनांना किती?" आजी म्हणाल्या, "चाळीसला डझन कुठे मिळतात ते आधी सांग." नातू म्हणाला, पुस्तकात असंच आहे. आजी म्हणाल्या, "मग पुस्तकवाल्याकडूनच आण." उत्तर शेवटी दिलं, पण घासाघीस करून एकशे दहा. परीक्षेला त्या नवी साडी नेसून जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या आणि पास झाल्या. नातू त्या वर्षी गणितात काठावर सुटला. घरात कोण कोणाला शिकवणार यावर आता फेरविचार चालू आहे.

राहिली सीआरपी ताई, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती. बचत गटांचं उमेद अभियान राज्यात २०११ पासून आहे. त्यात गटातलीच एक बाई तयार होते, मग ती शेजारच्या वस्त्यांवर जाऊन दुसऱ्या बायकांना गट चालवायला शिकवते आणि त्याचं मानधन घेते. आमच्याकडे येणारी ताई नववीपर्यंत शिकलेली. ठराव कसा लिहायचा, हप्ता कसा मांडायचा, कर्ज मागायला गेल्यावर बँकेत उभं राहायचं की बसायचं, हे ती शिकवते. तिचं म्हणणं, खुर्ची दिसली की बसायचं, कुणी 'बसा' म्हणायची वाट बघायची नाही. पूर्वी बायका बँकेत गेल्या की साहेब जेवायला गेलेले असत. आता ताई दारात दिसली की साहेबांचं जेवण आधीच झालेलं असतं. तिच्या वर्गाला फ्लेक्स नसतो. ओसरीवर सतरंजी असते, आणि मावशी तिथे टार्गेट भरायला जात नाहीत, स्वतःच्या कर्जाचा हिशेब घेऊन जातात.

सरकारला एवढ्या योजनांमध्ये जी एक गोष्ट नेमकी साधली ती ही, असं माझं मत आहे: शेजारणीला शेजारणीने शिकवायचं, आणि शिकवणारीला पैसे द्यायचे. नाहीतर पैसे कायम शिकणाऱ्याच्या बाजूला पडतात. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. द्यावेतच. पण त्याला समोर बसवून काम दाखवणाऱ्या माणसाला काय? गॅरेजचा वस्ताद, दुकानातली शिवणकाम करणारी काकू, वाळूवर जिना काढणारे मिस्त्री, यांच्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून पोरांना गावाची कामं करता करता शिकवलं, कुणाची मोटार दुरुस्त कर, कुणाचं शेड उभार. ते बघायला लोक लांबून येतात. आमच्या गावात तेच काम गॅरेजच्या दारात रोज चालतं, पण ते बघायला कुणी येत नाही, कारण तिथे उद्घाटन झालेलं नाही.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत योजनांचं वाचन सुरू झालं की मागच्या रांगेतून उठून एवढंच विचारा: गेल्या वर्षी आपल्या गावात कुणी कुणाला काय शिकवलं, आणि त्या शिकवणाऱ्याला मानधन द्यायचा ठराव घालायला अडचण काय आहे? अडचण सांगितली तर ती लेखी मागा. ठराव लिहायची चिंता करू नका, प्रत्येक गावात ताईने शिकवलेली एक तरी बाई आता आहे.